सल्ला हवा: ब्रेतोन (फ्रान्सच्या ब्रेतान्य प्रांतातली) बटर बिस्किटं घरी कशी करायची? लोणी कुठलं घ्यायचं?

पावसाळी_पुणे
नमस्कार मंडळी, मुलगी फ्रान्समध्ये रेनला शिकते, ती येताना दरवेळी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणते. जाड, गोल, वरून चकचकीत तपकिरी, तोंडात टाकलं की आधी किंचित खारट मग गोड आणि मग नुसता लोण्याचा स्वाद. पुढच्या महिन्यात भिशी आमच्याकडे आहे तर घरीच करावीत असं मनात आहे. नेटवर बघितलं तर कुणी पाले म्हणतं कुणी गालेत, प्रमाणं पण प्रत्येकाची वेगळी. माझ्याकडे ओटीजी आहे, स्टीलच्या रिंगा नाहीत. बटर कुठलं आणू? घरी साय विरजून काढलेलं लोणी चालेल का? ज्यांनी केलीत त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

ओटीजीवाली
रिंगा नकोत, मफिन ट्रे घ्या. आणि वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, वाटी-चमच्याने या बिस्किटाच्या नादाला लागू नका, लोणी थोडं जरी जास्त झालं तरी सगळं बदलतं. बाकी इथे खारावारा ताई रेनलाच राहतात, त्या नीट सांगतील.

खारावारा
काकू, तुमच्या डब्यातली ती पाले, म्हणजे साधारण दीड सेंटीमीटर जाडीची, भुसभुशीत. गालेत पातळ असते, चार-पाच मिलिमीटर, कडेला कातरलेली नक्षी, कुडुम्‌ आवाज करणारी. इथल्या सुपरमार्केटात सगळीकडे जी गालेत मिळते तिची कंपनी 1905 मध्ये सँ-मिशेल-शेफ-शेफ नावाच्या समुद्रकाठच्या गावात सुरू झाली. पण बिस्किटांसाठी लोक मुद्दाम जातात ते पाँ-ताव्हेनला, जिथे 1886 मध्ये चित्रकार गोगँ चित्रं काढायला येऊन राहिला होता तेच गाव. छोटी नदी, जुन्या पाणचक्क्या आणि बिस्किटांची दुकानं. मुलीला सांगा एकदा जाऊन ये, रेनहून दिवसभरात होतं.

आता लोणी. माझं स्पष्ट मत आहे की या बिस्किटात लोणी आणि मीठ एवढंच खरं, बाकी सगळं त्यांना धरून ठेवायला. व्हॅनिला इसेन्स, वेलची, जायफळ काही घालू नका, मैदा पण साधा चालतो. इथे जे वापरतात त्याला दमी-सेल म्हणतात, मीठ अर्धा ते तीन टक्क्यांच्या मधे. चांगल्या लोण्यात मिठाचे खडे तसेच असतात, सुरीने कापताना करकर लागतात आणि कापलेल्या बाजूवर पाण्याचे बारीक थेंब येतात. ब्रेतान्यमध्ये खारं लोणीच का, तर जुन्या फ्रान्समध्ये मिठावर गाबेल नावाचा जबर कर होता आणि ब्रेतान्य 1532 मध्ये फ्रान्सला जोडला गेला तरी त्याला त्यातून सूट राहिली. बाकीकडे मीठ महाग म्हणून लोणी अळणी, इथे गेरांदची मिठागरं जवळ आणि मीठ स्वस्त, मग लोणी टिकवायला सढळ हाताने मीठ. तो कर 1790 मध्ये गेला पण चव राहिली ती राहिलीच, आजही माझ्या शेजारच्या आजींच्या फ्रीजमध्ये अळणी लोणी सापडायचं नाही.

तुम्ही पुण्यात अमूलचं नेहमीचं बटर घेतलंत तर ते खारंच असतं, वरून मीठ घालायचं नाही. अनसॉल्टेड आणलंत तर 150 ग्रॅमला 3 ग्रॅम मीठ. आणि घरच्या लोण्याचं विचारलंत ते फार बरं केलंत, कारण चवीच्या बाबतीत तेच सगळ्यात जवळचं आहे. इथलं घुसळून काढलेलं लोणी पण आधी साय आंबवून करतात, तोच हलका आंबूस वास. अडचण फक्त पाण्याची. विकतच्या लोण्यात पाणी जास्तीत जास्त 16 टक्के असतं, घरच्यात त्याहून बरंच जास्त राहतं आणि मग बिस्किट भुसभुशीत न होता चिवट होतं. तर लोणी बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, ताक पूर्ण गेलं पाहिजे, मग थंड ताटात घेऊन लाकडी चमच्याने दाबत दाबत पाणी निपटून काढा, पाणी सुटायचं थांबलं की मीठ मिसळा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर परत पाणी आलेलं दिसेल, ते टिपून घ्या.

प्रमाण: बलक 60 ग्रॅम, साखर 130, लोणी 150, मैदा 200, बेकिंग पावडर 8 ग्रॅम म्हणजे सपाट दोन छोटे चमचे (खायचा सोडा नाही हां). बलक मोजूनच घ्या, आपल्याकडची अंडी लहान असतात, तीनऐवजी चार लागतील. आपली साखर जाड असते, मिक्सरमधून दोन झटके फिरवून बारीक करा, पण पिठीसाखर नको.

बलक आणि साखर फिकट होईपर्यंत फेटायचं, त्यात मऊ लोणी घालायचं (मऊ, वितळलेलं नाही), मग मैदा-बेकिंग पावडर चाळून घालायची आणि जेमतेम एकत्र करायचं. इथे हात आवरा, मळत बसू नका. गोळा अगदी सैल आणि चिकट दिसतो आणि प्रत्येकाला वाटतं अजून मैदा घालावा, अजिबात घालू नका. क्लिंग फिल्ममध्ये वळकटी करा, मफिन ट्रेच्या खळग्यापेक्षा किंचित बारीक, आणि निदान दोन तास फ्रीजमध्ये. मग दीड सेंटीमीटरच्या चकत्या कापून खळग्यात ठेवायच्या, 170 डिग्रीला 18-20 मिनिटं. भाजताना पीठ आधी वितळतं आणि मग फुगतं, म्हणून कड धरून ठेवायला रिंग किंवा ट्रे लागतोच, सपाट ट्रेवर ठेवलं की पसरून एकमेकांना चिकटतात. बाहेर काढल्यावर ट्रेमध्येच गार होऊ द्या, गरम असताना उचललं तर मोडतात.

तूपसाखर
छान माहिती. आमच्याकडे अंडं चालत नाही, दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून होतील का? आणि बटरऐवजी साजूक तूप?

खारावारा
तूपसाखर ताई, खरं सांगू का, मग ती ब्रेतोन राहणार नाहीत. बलकाने रंग येतो, तो भुसभुशीतपणा येतो, आणि तुपात पाणीच नसतं त्यामुळे पोत सरळ नानखटाईसारखा होतो. नानखटाई उत्तमच, पण ती नानखटाई म्हणूनच करा. अंड्याशिवाय खारं-गोड लोण्याचंच काही हवं असेल तर स्कॉटिश शॉर्टब्रेड करा, साखर-लोणी-मैदा 1:2:3, त्यात मुळातच अंडं नाही आणि सॉल्टेड बटरचं फार सुंदर होतं.

चहाबाज_नाशिक
गालेतचं पण प्रमाण द्या ना कुणीतरी. चहात बुडवायला पातळच बरी.

ओटीजीवाली
मी करते ती: मैदा 250, खारं बटर 125, साखर 125, एक अख्खं अंडं, बेकिंग पावडर चिमूटभर. पीठ घट्ट होतं त्यामुळे लाटता येतं आणि साध्या ट्रेवर पण चालतं. वरून बलकात चमचाभर दूध घालून ब्रश फिरवायचा आणि काट्याने आडव्या-तिडव्या रेघा मारायच्या. 180 ला 12 मिनिटं, कड तपकिरी झाली की बाहेर.

पावसाळी_पुणे
खारावारा, किती मनापासून लिहिलंत, खूप खूप आभार. घरचं लोणी धुवूनच करणार आता. अजून दोन शंका. माझ्या ओटीजीत वरचा रॉड फार तापतो, वरून करपतील का? आणि भिशीच्या दिवशी धावपळ नको म्हणून आधी करून ठेवली तर पावसात सादळतील का?

ओटीजीवाली
फक्त खालचा रॉड चालू ठेवा, ट्रे मधल्या कप्प्यात, शेवटची चार मिनिटं दोन्ही. ओटीजीच्या बटणावर विश्वास नको, ओव्हनचं थर्मामीटर मिळतं ते आत टांगा.

खारावारा
सादळायची भीती आहेच, पूर्ण गार झाल्यावर लगेच त्याच पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा. आदल्या दिवशी केलेली जास्त चांगली लागतात, मीठ आत मुरतं. त्याहून आधी तयारी हवी असेल तर बिस्किटं नका करू, वळकटी फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर छान राहते. आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायची आणि सकाळी कापून भाजायची. उरलेल्या पांढऱ्याचं मुलांना ऑम्लेट घाला.