लॅपटॉपवर हायबरनेट चालू ठेवावं की नको? आणि स्वॅप किती द्यावी?

पूर्वभागकर :
आमच्याकडे सोलापुरात लिनक्स टाकून देणारी पोरं हायबरनेटच्या, म्हणजे उघडं काम डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद करण्याच्या, भानगडीतच पडत नाहीत. विचारलं की ठरलेलं उत्तर, "एसएसडी आहे, मशीन चटकन सुरू होतं, कशाला पाहिजे?" मला हे पटत नाही.

माझं काम जॅकार्ड चादरीच्या डिझाइनचं. गिंपमध्ये मोठी फाइल, बाजूला इंकस्केप, लिबरऑफिसमध्ये सुताचा हिशेब आणि ब्राउझरमध्ये पार्टीने पाठवलेले नमुने. रॅम ८ जीबी. मशीन सुरू व्हायला वेळ लागत नाही हो, पण हे सगळं परत मांडून बसायला लागतो. त्यात उन्हाळ्यात लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही.

बॅटरीवर लक्ष ठेवणारी यूपॉवर नावाची सेवा असते. बॅटरी २ टक्क्यांवर आली की हायब्रिड स्लीप (काम डिस्कवरही लिहायचं आणि मशीन झोपवायचं), ते जमत नसेल तर हायबरनेट, तेही जमत नसेल तर सरळ पॉवर ऑफ, असा क्रम तिच्या सेटिंगमध्ये मुळातच लिहिलेला आहे. आणि उबुंटू या लिनक्सने १२.०४ या आवृत्तीपासून हायबरनेट बंद ठेवलंय. म्हणजे शेवटच्या क्षणी काम वाचवायची सोय आहे, पण आपणच तिला कुलूप लावून बसलोय. माझं मत : रॅमएवढी आणि वर एक-दोन जीबी स्वॅप फाइल (रॅममधलं सामान ठेवायला डिस्कवर राखलेली जागा) करा, हायबरनेट चालू करा. वेगळं मत असेल तर मांडा, पण कारणासकट.

झेडरॅमवाला :
कारणासकटच मांडतो, मालक.

एक, सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर उबुंटू आणि फेडोरात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लॉकडाउनमध्ये (कडक बंदोबस्तात) जातो आणि हायबरनेट होऊच देत नाही. म्हणजे आधी बायोसमध्ये जाऊन सुरक्षा काढायची. दोन, हायबरनेट झालं तरी परत उठेल याची खात्री कोण देणार? ग्राफिक्स ड्रायव्हरने दगा दिला की काळा पडदा. वायफाय उठत नाही ते वेगळंच. तीन, फेडोराने ३३ पासून, म्हणजे २०२० साली, झेडरॅम मुळातच चालू केलं. रॅममध्येच दाबून बसवलेली स्वॅप, डिस्कला हात लावायचा नाही. ८ जीबीला ते भरपूर झालं.

काम वाचवायला कंट्रोल-एस नावाची सोय आहे बे. रोज उठून डिस्कवर चार-चार जीबी लिहायचे आणि एसएसडी झिजवायची, हे कशासाठी?

पूर्वभागकर :
झिजण्याचा हिशेब करूनच टाकू. रोज ४ जीबी म्हणजे वर्षाला दीड टीबीच्या आत. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपनी १५० टीबी लिहिण्यापर्यंत वॉरंटी देते. नुसत्या हायबरनेटने ती संपवायला शंभर वर्षं लागतील. तेवढ्यात माझा नातूसुद्धा नवा लॅपटॉप घेईल.

कंट्रोल-एसचं म्हणाल तर ब्राउझरमधला अर्धा भरलेला जीएसटीचा फॉर्म कंट्रोल-एसने वाचतो का?

कडकभाकरी :
दोघंही दोन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरताय. स्वॅप फक्त हायबरनेटसाठी नसते. हायबरनेट काढून टाकलं तरी स्वॅप लागतेच.

प्रोग्रॅमचा कोड डिस्कवर फाइल म्हणून असतोच, त्यामुळे रॅम कमी पडली की कर्नल तो बिनधास्त रॅममधून टाकतो आणि लागेल तेव्हा परत वाचतो. पण गिंपमधलं न सेव्ह केलेलं चित्र, ब्राउझरचे टॅब यांची डिस्कवर प्रत नसते. स्वॅप नसेल तर त्यांना हलवायला जागाच नाही. मग सकाळपासून न पाहिलेला टॅब रॅममध्ये आरामात बसून राहतो आणि जो कोड आत्ता चालतोय तोच सारखा बाहेर फेकला जातो, सारखा आत आणला जातो. डिस्कचा दिवा जळत राहतो, माउस जागचा हलत नाही, ते हेच. "स्वॅप काढली की मशीन पळतं" म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं. आणि स्वॅपिनेस (कर्नलने स्वॅपकडे किती वळावं हे ठरवणारा आकडा) ६० चं १० करा हा सल्ला तर कुठल्याही चहाच्या टपरीवर मिळतो. १० केलं की कर्नल फाइलींची पानं (रॅमचे छोटे तुकडे) जास्त फेकतो, म्हणजे त्याच वाटेवर थोडं पुढे जातो.

झेडरॅमवाले दादा, झेडरॅम चांगलंच आहे, मीही वापरते. पण ते रॅममध्येच असतं, त्यामुळे वीज गेल्यावर त्यात काही उरत नाही. हायबरनेटची प्रत त्यात ठेवता येत नाही. मी दोन्ही ठेवलंय : झेडरॅमला वरची प्रायॉरिटी, डिस्कवरच्या फाइलला खालची. रोजचं ओझं झेडरॅम उचलतं, फाइल बहुतेक रिकामीच असते आणि हायबरनेटच्या वेळी कामाला येते.

झेडरॅमवाला :
हे मान्य, ताई. पण मग रॅमएवढी फाइल कशाला? हायबरनेटची प्रत रॅमच्या दोन पंचमांशात बसवायचा कर्नलचा प्रयत्न असतो. ८ जीबीला सव्वातीन जीबी, तेही दाबून लिहिलेले. ४ जीबीची फाइल पुरे.

कडकभाकरी :
प्रयत्न असतो, हमी नाही. तेवढ्यात बसवण्यासाठी बाकीची पानं कुठे तरी टाकावी लागतात, आणि त्यांतली बरीच स्वॅपमध्येच जातात. त्यात फाइल आधीच तीन जीबी भरलेली असेल तर? नेमकं जास्त काम उघडं असतानाच हायबरनेट नकार देईल. रॅमएवढी ठेवा. दुप्पट ठेवायचा जुना नियम मात्र विसरा, तो रॅम एमबीत मोजायच्या काळातला आहे.

एमआयडीसीतला :
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात मशीन बघतो. ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, यूपीएसची बॅटरी म्हातारी. हायबरनेट लिहून होईपर्यंत यूपीएस मान टाकते. अर्धवट लिहिलेल्या प्रतीने डेटा खराब होतो का?

कडकभाकरी :
नाही. प्रत पूर्ण लिहून झाल्यावरच कर्नल स्वॅपच्या सुरुवातीला खूण करतो. अर्धवट राहिली तर खूण नाही, मशीन नेहमीसारखं सुरू होईल. उघडं काम मात्र गेलं. तुमच्याकडे आधी यूपीएसची बॅटरी बदला, हायबरनेट नंतर.

खरा धोका दुसरीकडे आहे. विंडोजही असलेल्या मशीनवर लिनक्स हायबरनेट करून विंडोज सुरू करायचं आणि दोघांच्या सामाईक पार्टिशनवर लिहायचं, हे कधीच करू नका. लिनक्स उठल्यावर त्याच्या डोक्यात जुनाच नकाशा असतो, फाइल सिस्टिमची वाट लागते.

दुसरं, स्वॅप फाइल असेल तर ग्रबमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) रिझ्यूमच्या, म्हणजे प्रत कुठल्या पार्टिशनवर आहे त्या सेटिंगच्या, जोडीला रिझ्यूम ऑफसेट द्यावा लागतो, म्हणजे फाइल डिस्कवर नेमकी कुठून सुरू होते तो आकडा. फाइलफ्रॅग या कमांडच्या पहिल्या ओळीत तो मिळतो. फाइल मोठी करायला म्हणून जुनी पुसून नवी केली की आकडा बदलतो. ग्रबमध्ये जुनाच राहिला तर प्रत सापडत नाही, काम गायब, आणि मग लोक म्हणतात लिनक्सचं हायबरनेट भंगार आहे.

झेडरॅमवाला :
भंगारच की. सामान्य माणसाने फाइलफ्रॅग चालवायचं? शिवाय त्या प्रतीत उघडे पासवर्ड असतात. लॅपटॉप नवी पेठेत रिपेअरीला टाकला की कोण काय वाचेल?

पूर्वभागकर :
पूर्ण डिस्क लक्सने (लिनक्सच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद केली की स्वॅप फाइलही आतच येते. हां, दर वेळी नवी किल्ली बनवणारी स्वॅप असेल तर हायबरनेट होणार नाही, कारण सुरू झाल्यावर जुनी किल्लीच नसते.

आणि तुम्ही लॅपटॉप नुसता सस्पेंड करून (रॅम चालू ठेवून झोपवून) बॅगेत टाकता ना? पॉवरच्या फोल्डरमधली मेम-स्लीप ही फाइल वाचून बघा. तिथे डीप (गाढ झोप) नसेल, फक्त एस-टू-आयडल (हलकी झोप) असेल, तर मशीन नीट झोपतच नाही. एप्रिलच्या उन्हात बंद बॅगेत तापतं आणि बॅटरी खातं.

झेडरॅमवाला :
बघितलं. फक्त एस-टू-आयडलच आहे. तरी हुतात्मा एक्स्प्रेसने जाताना मी शटडाउन करूनच नेणार. तुमचं हायबरनेट तुम्हाला लखलाभ.