मशीननं खाद्य टाकावं की हातानं?

पिंजरेवाला
धरणात माझे मासे पाळायचे ६ × ४ मीटरचे आठ पिंजरे आहेत, मासे पंगस आणि चिलापी. सोलरवर चालणारा ऑटोफीडर, म्हणजे टायमरवर आपोआप खाद्य टाकणारं मशीन, घेतोय म्हटलं तर सगळे म्हणतात पैसे पाण्यात जाणार. अहो, पैसे आत्ताही पाण्यातच जातायत! निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा. गडी होडीतून येतो, दोन वेळा पाटी रिकामी करतो आणि दहा मिनिटांत चहाला पसार. जरा वारा सुटला की तरंगते दाणे जाळीबाहेर. मशीन तेवढंच खाद्य सहा-आठ वेळा थोडं थोडं देतं. बोटुकलीला, म्हणजे बोटभर पिल्लांना, तर तसंच लागतं.

शेततळंवाला
वाऱ्याचं खापर गड्यावर कशाला? पाण्याच्या पातळीला आतून बारीक जाळीची पट्टी लावा, दाणा बाहेर जात नाही.
टायमरला आभाळ दिसतं का, ते सांगा. मागच्या श्रावणात तीन दिवस झड लागली होती. सकाळी तळ्यावर गेलो तर प्राणवायू कमी पडून कटला मासे वर तोंड काढून. मूठभर दाणे टाकले, एकही हलला नाही. बादली तशीच परत आणली. मशीननं ठरलेलं बारा किलो ओतलं असतं, आणि ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपला असता.

खाजणातला
हे वर येणाऱ्या माशाचं झालं. आमची व्हेनामी कोळंबी तळाशी खाते, काठावरून काय दिसणार? हातानं टाका नाहीतर मशीननं, चेक ट्रे (किती खाल्लं ते बघायला तळाशी ठेवलेला ट्रे) उचलल्याशिवाय कळत नाही. ती कुरतडत सावकाश खाते, तोवर दाणा विरघळायला लागतो. म्हणून थोडं थोडं टाकणारं मशीन आम्हाला परवडतं. अमावास्या-पुनवेला कवच टाकताना तिचं खाणं कमी होतं, तेव्हा सेटिंग मीच खाली आणतो. आता तर पाण्यात माइक सोडून कुरतडण्याचा आवाज ऐकणारी मशीनंही आलीत. (किंमत ऐकून मीच कवच टाकलं.)

शेततळंवाला
आणि पावसाळी हवेत दाण्यांचा गोळा होऊन नळी तुंबली तर? मेव्हण्याकडे दोन दिवस मासे उपाशी होते, पत्ताच नाही.

पिंजरेवाला
माझा गडी भावकीतल्या लग्नाला गेला तेव्हाही दोन दिवस उपाशीच होते.
बरं, चार पिंजऱ्यांवर मशीन, चार हातावर. किलोभर माशामागे किती खाद्य लागलं ते दिवाळीनंतर इथंच टाकतो.

खाजणातला
माशांचं बीज एकाच लॉटचं घ्या. आणि हाताच्या पिंजऱ्यांवर तो चहावाला गडी नको, स्वतः जा.