बेनिनचा केरेकू : हुकूमशहा निवडणूक हरून घरी कसा काय गेला?

किनारा_वाचक :
सध्या पश्चिम आफ्रिकेचा राजकीय इतिहास वाचतोय आणि बेनिनच्या मात्यू केरेकूपाशी येऊन अडकलोय. १९७२ ला लष्करी उठाव करून सत्तेत आला, १९७४ ला मार्क्सवाद-लेनिनवाद जाहीर केला, १९७५ ला दाहोमे हे देशाचं नाव बदलून बेनिन केलं आणि पुढे १९८९ पर्यंत एकाच पक्षाचं राज्य चालवलं. इथपर्यंत समजू शकतो, त्या काळात तिकडे असे बरेच होते. पण मग १९९० मध्ये हाच माणूस देशभरातल्या लोकांची परिषद बोलावतो, सगळ्यांदेखत माफी मागतो, पुढच्या वर्षी निवडणूक लढवतो, हरतो आणि निमूट खुर्ची सोडतो! वर १९९६ ला लोकच त्याला परत निवडून देतात.
हे मनापासून होतं की दुसरा रस्ताच उरला नव्हता? आणि ज्यांनी घालवलं त्यांनीच पाच वर्षांत परत का आणलं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

जुना_नकाशा :
चांगला विषय काढलात. आधी हे लक्षात घ्या की १९६० ला स्वातंत्र्य मिळाल्यापासून १९७२ पर्यंत त्या देशात पाच उठाव झाले होते. मागा, आपिती आणि अहोमादेग्बे या तीन पुढाऱ्यांच्या भांडणात सगळा देश अडकला होता, शेवटी १९७० मध्ये तोडगा काय काढला तर तिघांनी दोन-दोन वर्षं आळीपाळीने राष्ट्राध्यक्ष व्हायचं. मागाची पाळी संपून अहोमादेग्बेची सुरू होती तेवढ्यात २६ ऑक्टोबर १९७२ ला सैन्याने तिघांनाही घरी बसवलं. केरेकू तेव्हा मेजर होता, वय ३९, उत्तरेकडच्या नातितिंगूजवळच्या भागातला. गंमत बघा, याच मागाचा तो कधीकाळी एडीसी म्हणजे लष्करी मदतनीस होता.
आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत, तिजोरीने त्याला वाकवलं. बँका, तेल, विमा सगळं सरकारी केलं, सरकारी नोकऱ्या वाटल्या, पण देशाची मिळकत म्हणजे कापूस आणि कोटोनू बंदरातून नायजेरियाकडे जाणारा माल, बस. १९८४ ला नायजेरियाने सीमा बंद केली तेव्हा तो धंदाही बसला. आणि बँकांचं तर विचारूच नका, तिन्ही सरकारी बँका १९८० च्या दशकाच्या शेवटी बुडाल्या कारण सत्तेजवळच्या लोकांना कर्जं दिली ती परत आलीच नाहीत. केरेकूचा एक सल्लागार होता, मोहम्मद सिसे, मालीहून आलेला मराबू म्हणजे दुआ-ताईत करणारा बाबा, त्याला चक्क मंत्रिपद दिलं आणि पुढे बँकेचे पैसे लाटल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. साध्या माणसाची बचत बँकेत अडकलेली, मास्तरांचे पगार महिनोन् महिने थकलेले, डिग्री घेतलेल्या पोरांना सरकारी नोकरी मिळेना म्हणून ती मोटरसायकल टॅक्सी चालवायला लागली, कोटोनूच्या रस्त्यांवर त्या झेमिजान टॅक्सी वाढल्या त्या याच दिवसांत. १९८९ भर विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे संप चालू होते. सैनिकांना द्यायलाही पैसा नाही म्हटल्यावर गोळ्या कोणाच्या जिवावर झाडणार? डिसेंबर १९८९ ला मार्क्सवाद सोडून दिला तो अशा अवस्थेत.

सावली :
जुना_नकाशा, माहिती छान दिलीत पण निष्कर्षाशी सहमत नाही. तिजोरी रिकामी होती हे खरं, पण तेवढ्याने हुकूमशहा गेले असते तर शेजारच्या टोगोत एयाडेमा का नाही गेला? तिथेही १९९१ मध्ये तशीच परिषद झाली, बेनिनचंच बघून झाली, नवा पंतप्रधान नेमला. आणि डिसेंबरात एयाडेमाच्या सैनिकांनी त्या पंतप्रधानाच्या घरावर हल्ला करून त्याला धरून नेलं. एयाडेमा २००५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिला आणि नंतर सैन्याने त्याच्या मुलाला बसवलं.
आता कोटोनूची परिषद बघा. फेब्रुवारी १९९०, आलेजो हॉटेल, जवळपास पाचशे प्रतिनिधी, अध्यक्षस्थानी आर्चबिशप इसिडोर द सूझा. केरेकूच्या डोक्यात होतं की लोक येतील, बोलतील, सल्ला देतील आणि निर्णय आपण घेऊ. पण तिथल्या लोकांनी ठराव केला की ही परिषदच सार्वभौम आहे, आमचे निर्णय सगळ्यांवर बंधनकारक! सगळं रेडिओवरून देशभर लाइव्ह चाललंय, लोक कामधंदा सोडून ऐकतायत. रणगाडे बाहेर काढायचे तर तेव्हाच काढायचे होते. द सूझांनी त्याच्याशी बोलणी केली आणि २८ फेब्रुवारीला त्याने सगळे निर्णय मान्य केले. वर्ल्ड बँकेत काम केलेला निसेफोर सोग्लो पंतप्रधान झाला, केरेकू नावापुरता राष्ट्राध्यक्ष राहिला. मार्च १९९१ ला सोग्लोने त्याला साधारण ६८ विरुद्ध ३२ टक्क्यांनी हरवलं. उठावापासूनच्या सगळ्या कृत्यांबद्दल खटला चालणार नाही अशी हमी त्याला मिळाली हेही मोठं कारण होतं, मान्य. पण अशी हमी घेऊन गप्प बसायलाही माणसाची तयारी लागते, ती त्याची होती. मला तरी हे फार मोठं वाटतं आणि याचं अर्धं श्रेय मी द सूझांना देईन.

उत्तरायण :
सावलीताई, श्रेय द्या, पण त्या हमीने कोणाचा न्याय बुडाला तेही लिहा ना. त्याच्या राज्यात विरोधकांना ईशान्येकडे पार सेगबानाच्या तुरुंगात टाकायचे, विद्यार्थी, शिक्षक, भूमिगत कम्युनिस्ट, छळ झाला लोकांचा. हो, मार्क्सवादी सरकारने कम्युनिस्टांना आत टाकलं. १९७५ ला गृहमंत्री मिशेल आयकपे गोळ्या घालून मारला गेला, सरकारने सांगितलं की राष्ट्राध्यक्षाच्या बायकोबरोबर सापडला, लोकांचा विश्वास बसला नाही आणि कामगार रस्त्यावर उतरले. आयकपे लोकांमध्ये लोकप्रिय होता आणि केरेकूला स्पर्धक होता हे उघड होतं. या सगळ्याचा कधी हिशेबच झाला नाही. एक माफी आणि विषय संपला?
एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगतो. जानेवारी १९७७ ला बॉब दनार हा फ्रेंच भाडोत्री सैनिक आपली टोळी घेऊन विमानाने थेट कोटोनूच्या विमानतळावर उतरला होता सरकार पाडायला, काही तासांत त्यांना पळून जावं लागलं. तेव्हा बाहेरचे लोक टपलेत असं केरेकू म्हणायचा ते सगळंच काल्पनिक नव्हतं. पण पुढची कित्येक वर्षं तेच कारण दाखवून घरच्या लोकांना दाबलं, त्याला माफी नाही.

किनारा_वाचक :
सगळ्यांचे आभार, टोगोची तुलना वाचून बरंच डोक्यात शिरलं. पण १९९६ चं कोणीच लिहिलं नाही अजून.

जुना_नकाशा :
१९९६ चं थोडक्यात सांगतो. सोग्लोने अर्थव्यवस्था सावरली, पगार सुरू झाले, पण जानेवारी १९९४ ला सीएफए फ्रँक या तिथल्या चलनाची किंमत निम्म्यावर आणली गेली, बाहेरून येणाऱ्या औषधापासून तांदळापर्यंत सगळं महागलं. त्यात सोग्लोच्या बायकोचा पक्ष, नातेवाइकांचा वावर, आणि स्वभाव असा की सोबतचे पुढारी एकेक करून दुखावले. केरेकू ती पाच वर्षं शांत बसला होता, चर्चला जाणारा धार्मिक माणूस झाला होता. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या नंबरचा उंगबेजी त्याच्या बाजूला गेला (पुढे पंतप्रधान झाला) आणि उत्तरेची मतं तर त्याचीच होती, ५२ टक्क्यांवर निवडून आला.
सावलीताई, तुम्ही म्हणता ते काही अंशी पटलं. पण शपथविधीचा किस्सा ऐका. बेनिनच्या राज्यघटनेतली शपथ देवाला आणि पूर्वजांच्या आत्म्यांना स्मरून घ्यायची आहे. हा आता कट्टर ख्रिश्चन, म्हणून त्याने पूर्वजांचा उल्लेख गाळला. घटना न्यायालयाने सांगितलं ही शपथ चालणार नाही, परत घ्या. आणि त्याने परत घेतली, सगळे शब्द म्हणून. १९८० मध्ये त्याला असं सांगायची कोणाची छाती होती? म्हणून मी म्हणतो, माणूस किती बदलला ते सोडा, १९९० च्या परिषदेने ज्या संस्था उभ्या केल्या त्यांनी त्याला चौकटीत ठेवलं.

उत्तरायण :
चौकटीत ठेवलं पण सगळीकडे नाही. २००१ ला पहिल्या फेरीनंतर सोग्लो आणि उंगबेजी दोघेही घोटाळ्याचा आरोप करून बाहेर पडले आणि दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर उभा होता त्याचाच मंत्री ब्रुनो आमुसू. केरेकूला ८४ टक्के मतं. नंतर २००५ मध्ये टायटन या अमेरिकन कंपनीने अमेरिकेतल्या कोर्टात कबूल केलं की केरेकूच्या त्या प्रचारात आम्ही सुमारे वीस लाख डॉलर घातले. हेही त्याच्या खात्यावर लिहा.

सावली :
लिहा की, मी कुठे नाही म्हणतेय. मग २००६ पण लिहा. घटनेत दोनच टर्म आणि उमेदवाराचं वय ७० च्या आत अशी अट होती, दोन्ही अटी त्याच्या आड येत होत्या. आजूबाजूच्या समर्थकांनी घटना बदला म्हणून धोशा लावला होता, तर लोकांनी घटनेला हात लावू नका म्हणून मोहीम चालवली. शेवटी त्यानेच जाहीर केलं की बदलणार नाही. २००५ मध्येच टोगोत बापाची गादी मुलाकडे गेलेली होती, म्हणजे नमुना अगदी दाराशी होता. एप्रिल २००६ ला नव्याने निवडून आलेल्या बोनी यायीकडे सत्ता देऊन गेला आणि १४ ऑक्टोबर २०१५ ला वारला. सेगबानाबद्दल उत्तरायण म्हणतात ते मला शंभर टक्के मान्य आहे. तिथल्या कैद्यांचं कोणी वाचलं असेल तर त्यावर वेगळा धागा काढा, मला त्याबद्दल अजून वाचायचंय.