इंजिन वाचलं तरी कार्पेटखाली बघा

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी स्टार्टर मारून बघू नका, असं सांगतात ते शंभर टक्के खरं. पाणी दाबलं जात नाही, इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच वाकतो. पण इंजिन वाचलं म्हणजे सुटलो असं नाही. आमच्या गाडीत पाणी जेमतेम सीटखालपर्यंत आलं होतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, ऑइल बदललं, गाडी मस्त चालू लागली. तीन आठवड्यांनी एअरबॅगचा दिवा लागला. कार्पेट वरून कोरडं ठणठणीत, खालचा फोम मात्र पिळला तर पाणी निघेल असा, आणि सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरच्या पिना गंजून हिरव्या पडलेल्या!

सीट आणि कार्पेट पहिल्याच आठवड्यात बाहेर काढून घ्या, पण मेकॅनिककडूनच. ते पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, बॅटरी जोडलेली असताना कृपा करून ओढू नका.