नेमकं लिहायला शिकवणारं भाषेचं तत्त्वज्ञान : काय वाचू?

निफाडकर
नमस्कार मंडळी. द्राक्ष बागायतदारांना सल्ल्याचे मेसेज लिहून पाठवणं हे माझं काम. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) एकदा लिहिलं, ‘पाऊस झाल्यास लगेच फवारणी करावी.’ एका काकांनी भुरभुर चालू असतानाच फवारलं, औषध सगळं धुऊन गेलं. दुसरे काका दोन दिवस थांबले, तोवर पानांवर डाउनी (केवडा रोग) दिसायला लागला. वाक्य व्याकरणात चोख होतं, तरी दोघांचं नुकसान झालं. तेव्हापासून शब्दाला अर्थ येतो कुठून, हेच डोक्यात आहे. सुरुवात कशाने करू? संस्कृत शाळेपुरतं येतं.

गोदाकाठ
दादा, आधी अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’, मराठी विवरणासह. न्यायशास्त्राची ओळख करून देणारा सतराव्या शतकातला छोटा ग्रंथ, त्यातला शब्दप्रमाणाचा, म्हणजे शब्दांतून ज्ञान कसं होतं याचा भाग तर अगदी थोडका. वाक्यातून अर्थ कळायला आकांक्षा, योग्यता (अर्थांचा मेळ बसणं) आणि सन्निधी (पदं लागोपाठ येणं) लागतात. ‘अग्नीने शिंपतो’ यात योग्यता नाही, कारण आग शिंपता येत नाही. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असलेली गरज. तुमच्या ‘लगेच’ला ‘कशानंतर’ हवं होतं, ते मिळालंच नाही. (शास्त्रीबुवा म्हणतील आकांक्षा जरा ताणली, पण लिहिताना ही कसोटी फार उपयोगी पडते.)

मग लक्षणा वाचा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ जुळत नसला की त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं. ‘गंगायां घोषः’, म्हणजे गंगेवर गवळीवाडा, हे तिचं ठरलेलं उदाहरण. आपण तर ‘बुधवारचा बाजार गंगेवर भरतो’ असं म्हणतच मोठे झालो. भाजीवाल्या पाण्यात बसत नाहीत, काठावर बसतात, हे नाशिककराला सांगावं लागत नाही. बाहेरगावच्या पाहुण्याला मात्र गंगा म्हणजे आपली गोदावरी, इथपासून सांगावं लागतं. वाचणारा कोण, यावर किती लिहायचं ते ठरतं.

शब्दवेडी
जोडीला विसाव्या शतकातला तत्त्वज्ञ विटगेनश्टाइन. १९२१ चं ‘ट्रॅक्टॅटस’ आत्ता नको, १९५३ चं ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ घ्या. सुरुवातीलाच एक गवंडी भेटतो. तो ‘लादी!’ एवढंच म्हणतो आणि हाताखालचा माणूस लादी आणून देतो. त्या कामात त्या शब्दाचा वापर हाच त्याचा अर्थ. इंग्रजी सोपं आहे, विचार जड, म्हणून रोज दोनच परिच्छेद. आणि बागेत जाऊन ऐका, लोक ‘लगेच’ कधी म्हणतात.

निफाडकर
ताई, आज सकाळीच तिघांना विचारलं. एकाचं ‘लगेच’ पानं वाळल्यावर, दुसऱ्याचं ट्रॅक्टर मोकळा झाल्यावर, तिसऱ्याचं मजूर आल्यावर! नवा मेसेज असा केलाय : ‘पाऊस उघडून पानांवरचं पाणी निथळलं, की त्याच दिवशी फवारा. पाऊस चालू असताना फवारू नका.’ अजून कुठे फट राहिली असेल तर सांगा. शनिवारी सार्वजनिक वाचनालयात ‘तर्कसंग्रह’ बघतो.