बदामी-पट्टदकल-ऐहोळे एका दिवसात, भजनी मंडळाला झेपेल का? सल्ला हवा

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाची सहल काढायची आहे. तीसेक माणसं, निम्मी साठीच्या पुढची. ट्रॅव्हल्सवाला म्हणतो, पहाटे चारला बेळगाव सोडू, बदामी, बनशंकरी, पट्टदकल, ऐहोळे आणि जमलं तर कूडलसंगम करून रात्री परत. मला हे जास्तच वाटतंय. काय गाळावं?

बुट्टीतली भाकरी:
कूडलसंगम आधी काढा. आपल्या कणकुंबीची मलप्रभा तिथं कृष्णेला मिळते म्हणून मन ओढतं, पण त्यासाठी दिवसाचा बट्ट्याबोळ नको.

बदामी सकाळीच उरका. ऊन चढलं की तो तांबडा दगड असा तापतो की हात लावू देत नाही. गुडघेवाल्यांनी पहिल्या लेण्यापाशीच थांबायचं, तिथंच अठरा हातांचा नटराज आहे. गाईडला हातांच्या जोड्या जुळवून मुद्रा दाखवायला सांगा, वेळ कसा गेला कळत नाही. ज्यांना झेपेल त्यांनी तिसऱ्यापर्यंत जावं. सगळ्यांत मोठं तेच, चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा इ.स. ५७८चा शिलालेख तिथं आहे. आणि हातात केळी किंवा प्लास्टिकची पिशवी घेऊन चढू नका, माकडं वाटच बघत असतात.

जेवण बनशंकरीला. बायका बुट्टीतून कडक भाकरी, झुणका, शेंगाचटणी, दही घेऊन बसलेल्या असतात. ट्रॅव्हल्सवाला हॉटेलात नेतो म्हणाला तरी ऐकू नका.

शिळाप्रेस:
वरच्याशी सहमत, फक्त शुक्रवार टाळा. बदामी आणि ऐहोळे दोन्हीकडची पुरातत्त्व संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

खरा वेळ पट्टदकलला द्या. सगळं सपाट, हिरवळ, म्हाताऱ्यांना सोपं. उत्तरेकडच्या धाटणीची देवळांची शिखरं आणि दक्षिणेचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा तिकडच्या पद्धतीचा मनोरा, एकाच आवारात शेजारी-शेजारी दिसतात, असं पटकन कुठं बघायला मिळत नाही. विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीनं बांधवलं, नवऱ्यानं, म्हणजे चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्यानं, कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयासाठी. तिथं आजही पूजा चालते, तुमच्या मंडळींना तेच जास्त आवडेल. आत खांबांवर रावण-जटायूची झुंज शोधा. टॉर्च न्या, मोबाईलचा उजेड पुरत नाही.

गाईड सरकारी परवान्याचा घ्या आणि सरळ कन्नडमध्ये सांगायला सांगा. हिंदीत बोलताना पाठांतर म्हणतात, कन्नडमध्ये गोष्टी सांगतात. आपल्याकडं कळत नाही असा माणूस कोण आहे?

हलशीचा हरी:
मी उलटं सांगतो. एवढ्या लांब कशाला? तुमच्या दारात हलशी आहे की ओ! कदंब राजघराण्याची जुनी राजधानी. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर, मधे उभं राहिलं की एकीकडं वराह आणि दुसरीकडं नारायण. तिथून देगावचं कमलनारायण मंदिर, मग कित्तूरचा किल्ला. संध्याकाळी घरी. भजनही म्हणता येईल, कुणी घाई करणार नाही.

शिळाप्रेस:
हलशी चांगलीच, पण ती अर्ध्या दिवसाची. बदामी पुन्हा पुन्हा ठरत नाही.

खानापूरकर:
हलशीला आमची मंडळी लहानपणापासून जातात, त्यामुळे यावेळी बदामीच. कूडलसंगम कट. पण ऐहोळेत काय करायचं? वेळ दीड तासच उरतोय.

बुट्टीतली भाकरी:
दीड तासात दुर्ग मंदिर आणि शेजारचं लाडखान. दुर्गच्या मागून गोल फेरी मारा, ओसरीतली शिल्पं चुकवू नका. ज्यांचे पाय चालतात अशा चार-पाच जणांना मेगुती टेकडीवर सोडा. कवी रविकीर्तीचा इ.स. ६३४चा शिलालेख तिथंच आहे. त्यात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीनं उत्तरेच्या हर्षवर्धनाला हरवल्याचं येतं, शिवाय नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचाही उल्लेख आहे. वर जाणाऱ्यांना परतायची वेळ बजावून सांगा, नाहीतर अख्खी बस खाली ताटकळत बसते.

खानापूरकर:
मेगुतीला मी स्वतःच चढणार. बस कुणाची चांगली, तेवढं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सांगा.