बायपासनंतर खोकताना छातीत कळ, मदत हवी आहे

बाबांची (वय 68) बायपास होऊन तिसरा आठवडा चालू आहे. बसल्याजागी ठीक असतात, पण खोकला आला किंवा कुशीवर वळले की छातीच्या मधल्या हाडात जीवघेणी कळ येते. ताप नाही, जखम कोरडी आहे, हाडातून कटकट आवाजही नाही. पॅरासिटामॉल 650 दिवसातून तीनदा चालू. क्रिएटिनिन (रक्तातलं किडनीचं माप) वाढलेलं, त्यामुळे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही किडनीला जड जाणारी वेदनाशामकं सुचवू नका. खोकताना उशी छातीशी घट्ट धरतात, पट्टाही बांधतात. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर (श्वास ओढून चेंडू वर उचलायचं, फुप्फुसांच्या व्यायामाचं उपकरण) मात्र दुखतं म्हणून टाळतात, आणि कफ साठेल हीच मला खरी धास्ती. सर्जनना सोमवारी दाखवायचं आहे, पण तोवर काय? ठरलेलीच पॅरासिटामॉलची गोळी या श्वासाच्या व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी दिल्याने तुमच्याकडे कुणाला फरक पडला का? आणि रात्री पाठीला कितपत उंची देऊन झोपवत होतात?